एका पडद्यावर मुंबई

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज हॉटेलात शिरलेले पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील आणि त्यांचे सहकारी हॉटेलच्या सीसीटीव्ही कक्षात पोहोचले. दहशतवाद्यांच्या हालचाली तिथल्या पडद्यांवर दिसत होत्या. पण कॅमेरे हॉटेलचे. त्यांची नजर हॉटेलपुरतीच. लिओपोल्ड, सीएसटी, कामा हॉस्पिटल असा हल्ला पसरत असताना सगळी मुंबई एकत्र दाखवणारा पडदा पोलिसांकडे नव्हता.

हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शहरात सीसीटीव्हीची शिफारस केली. निविदांच्या फेऱ्यांत वर्षे गेली. अखेर २०१५ मध्ये लार्सन अँड टुब्रोकडे काम आले आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी १,५१० ठिकाणच्या ४,७१७ कॅमेऱ्यांचे जाळे लोकार्पण झाले. खर्च सुमारे ९४९ कोटी रुपये.

काही कॅमेरे एकाच चौकाकडे रोखलेले, काही नियंत्रण कक्षातून फिरवता येणारे, काही गाडीची नंबरप्लेट वाचणारे. मात्र इतकी दृश्ये डोळ्यांत तेल घालून पाहणे कुणालाही शक्य नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर मदतीला येते. ते आधी चौकटीतली स्थिर पार्श्वभूमी ओळखून ठेवते. तिच्यात नवी वस्तू आली, हललीच नाही आणि जवळ कुणी उरले नाही, की बेवारस बॅगेचा इशारा. पडद्यावर आखलेली रेषा कुणी ओलांडली, की दुसरा. एका कॅमेऱ्यातून निसटलेला माणूस पुढच्यात शोधताना कपड्यांचे रंग, देहयष्टी आणि दोन ठिकाणांमधल्या अंतराला लागणारा वेळ यांचा मेळ घातला जातो.

गोंधळ होतो तो गर्दीत. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर हजारो माणसे थांबतात, पिशव्या खाली ठेवतात, उलट दिशेने धावतात. दमून टेकलेली आजी आणि टेहळणी करणारा इसम यंत्राला सारखेच वाटू शकतात. म्हणून इशाऱ्यानंतरचा निर्णय पडद्यासमोरच्या पोलिसाचाच असायला हवा, आणि त्याला त्यासाठी प्रशिक्षणही हवे.

पाहणाऱ्यावरही नजर हवीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २ डिसेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला: प्रवेशद्वारावर, कोठडीत, व्हरांड्यात, चित्रासोबत आवाजही, आणि चित्रण शक्यतो १८ महिने जपून ठेवायचे.