ट्रॅक्सच्या बॉनेटखालची मर्सिडीज

मागच्या भागाखाली एका पोराने विचारलं होतं, "दादा, जुन्या ट्रॅक्सचं इंजिन बांधून पॉवर वाढवता येती का?" येती. पण आधी आमच्या घरातला किस्सा ऐका.

कड्याहून नगरला आपण ज्या ट्रॅक्समध्ये कोंबून गेलो, तिचं इंजिन मर्सिडीजचं. खरंच! नाव ओएम 616. जर्मनीत हेच इंजिन 240 डी या आलिशान गाडीत होतं. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ते परवान्यावर आकुर्डीत बनवलं. 2399 सीसी, चार सिलिंडर, 72 हॉर्सपॉवर. तिकडे टॅक्सीवाले त्यावर लाखो किलोमीटर काढायचे.

आमच्या आप्पांची ट्रॅक्स चढाला दम टाकायला लागली. एका गॅरेजवाल्याने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. महिनाभर गाडी पळाली, मागे काळा धूर. मग एक दिवस खडखडाट. हेड उघडलं तर पिस्टनचं डोकं वितळलेलं. घर त्याच गाडीवर चालायचं, बरं का.

झालं काय? डिझेल जळायला हवा लागते. या इंजिनाला टर्बो नाही, सिलिंडर ओढेल तेवढीच हवा. त्याच्या वर दिलेलं डिझेल अर्धवट जळतं, तोच काळा धूर. आत उष्णता वाढत जाते, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं.

मग इंजिन पूर्ण बांधलं. बोअर 90.9 मिलीमीटरचा, तो अर्धा मिलीमीटर वाढवला. लोकांना वाटतं बोअर केला की पॉवर वाढली. हिशोब करा ना: चारही सिलिंडर मिळून 26 सीसी वाढतात, एक टक्का! बोअर करायचा तो कॉम्प्रेशन परत मिळवायला. या इंजिनात ते 21 ला 1 असतं. रिंगा झिजल्या की सगळं खालून निसटतं.

खरी गंमत टाइमिंग चेनची. हीच चेन कॅम आणि डिझेल पंप दोन्ही फिरवते. ती ताणली की डिझेल उशिरा पडतं. 240 डी मध्ये पिस्टन वर पोचायच्या 24 अंश आधी पंप डिझेल द्यायला लागतो. आमची चेन बदलली, टाइमिंग लावलं, नोझल 115 बारवर तपासून घेतले. हरवलेली पॉवर तिथेच पडलेली होती.

आता टर्बो. याच घराण्यातल्या पाच सिलिंडरच्या तीन लिटर इंजिनाला मर्सिडीजने टर्बो बसवला, 80 चे 115 हॉर्सपॉवर झाले. 1978 साली इटलीत नार्दोच्या ट्रॅकवर सी 111 या प्रयोगाच्या गाडीत त्याच इंजिनातून 230 काढले, आणि गाडी बारा तास सरासरी 300 च्या वर पळवली! पण रस्त्यावरच्या गाडीलासुद्धा त्यांनी पिस्टनखाली तेलाचे फवारे दिले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलं. आपण भंगारातला टर्बो आणून साध्या पिस्टनवर बसवतो. शिवाय गाडीत असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघतो.

आप्पांनी टर्बो नको म्हटलं. पंपाचा स्क्रू मूळ जागी आणून सील मारून घेतला. गाडी आता कांद्याच्या गोण्या घेऊन तिसऱ्या गिअरवर चढ काढते, मागे धूर नाही.