गढूळ पाण्याचे माप

ओहोटी लागली की रत्नागिरीत काजळी नदीचे पाणी भाट्याच्या खाडीतून समुद्रात उतरते. पावसाळ्यात त्यातला गाळ किनाऱ्यावरूनही दिसतो. पुढे वरचे पाणी निवळते, पण तळाशी उधाणाच्या मोठ्या भरती-ओहोटीची ओढ गाळ उठवत राहते. भांगाच्या लहान भरती-ओहोटीला ती मंदावली की तो बसू लागतो. तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे शिंपल्यातले जीव पाणी गाळूनच जगतात. त्यांना महत्त्वाचे ते हे तळाचे पाणी.

इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजले. मत्स्यतळ्यांवर ती तबकडी आजही वापरतात. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिला ना वीज लागते ना दुरुस्ती. पण ती वरच्या थराचेच सांगते. तळाचा गाळ मोजायला प्रकाशही सोबत खाली न्यावा लागतो.

प्रकाशीय सेन्सर तेच करतो. दाब सोसणाऱ्या नळीतून ८६० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण पाण्यात सोडतात आणि कणांवर आपटून ९० अंशांत विखुरलेला प्रकाश मोजतात. उन्हातले असे किरण वरच्या मीटरभर पाण्यातच जवळजवळ संपतात, म्हणून खाली सेन्सरला स्वतःचाच प्रकाश दिसतो. कुजलेल्या पाल्याचा तांबूस रंगही या किरणांना फारसा अडवत नाही. गाळ फार दाट असेल तर मागे परतणारा प्रकाश मोजणारी रचना बरी. समुद्रात ठेवलेल्या काचेवर मात्र काही दिवसांतच शेवाळ धरते. म्हणून तिला पुसणी बसवतात.

खरी मेहनत आकड्याचा अर्थ लावण्यात आहे. सेन्सर फॉर्माझिन या रसायनाच्या प्रमाणित द्रावणावर जुळवतात आणि आकडा गढूळपणाच्या एनटीयूसारख्या एककात येतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा १ एनटीयू आहे. पण लिटरमागे गाळ किती मिलिग्रॅम, हे त्यावरून थेट कळत नाही: तेवढ्याच वजनाची बारीक माती जाड रेतीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरते. म्हणून भाट्याचे पाणी भरून आणायचे, गाळायचे, गाळणकागद वाळवून तोलायचा आणि ते वजन सेन्सरच्या आकड्याशी ताडायचे. दुसऱ्या खाडीचे गणित इथे चालत नाही.

हे काम करण्याजोग्या संस्था रत्नागिरीत आहेत. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पेठकिल्ल्यात १९५८ पासूनचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, जिथे लोक देवमाशाचा सांगाडा पाहायला जातात. उधाण आणि भांग, दोन्हींत, वर आणि तळाशी, पावसाआधी व नंतर अशी सलग मोजणी हवी. कालवांची शेती कुठे करावी, याचा निर्णय मग अंदाजावर सोडावा लागणार नाही.