डाग देणारी काडी

बाळाची नाळ गळून पडली कीं घरांतील वडीलधाऱ्या बाया निश्चिंत होतात. परंतु कित्येक घरांत आठ-पंधरा दिवसांनीं न्हाऊं घालतांना आजीच्या लक्षांत येतें कीं, बेंबी अजून ओलसरच आहे आणि आंत मसुरीच्या दाण्याएवढा एक लालसर मांसाचा कोंब दिसतो आहे. कोणी हळद सुचवितें, कोणी खोबरेल. शेवटीं मूल डॉक्टरांकडे जातें. डॉक्टर एका गडद डबींतून वीतभर लांबीची काडी काढतात, तिचें करड्या रंगाचें टोंक त्या कोंबाला कांहीं क्षण टेकवितात, आणि तो कोंब पाहतां पाहतां पांढुरका पडतो. त्या कोंबांत संवेदनेचे तंतूच नसल्यामुळें मुलाला त्याची वेदना होत नाहीं. आई मात्र दुसऱ्या दिवशीं घाबरते. कारण बेंबी काळीठिक्कर झालेली असते, आणि दुपट्यावरहि काळा डाग उमटलेला असतो, तो कितीहि धुतला तरी जात नाहीं.

हा डाग चांदीचा आहे. चांदी नत्राम्लांत विरघळविली म्हणजे जें पांढरें, स्फटिकरूप लवण मिळतें, तें सिल्व्हर नायट्रेट. युरोपांतील किमयागार चांदीचें नातें चंद्राशीं जोडीत. म्हणून या लवणाच्या कांडीला तिकडे चांद्रदाहक अशा अर्थाचें नांव पडलें, आणि तिचा झोंबरा गुण पाहून कोणी तिला नरकाचा दगडहि म्हटलें. हें लवण सुमारें २१० अंश सेंटिग्रेडला वितळतें व साच्यांत ओतून त्याची पेन्सिलीसारखी कांडी करतां येते. नुसत्या लवणाची कांडी ठिसूळ होते, म्हणून तींत पोटॅशियम नायट्रेट मिसळण्याची वहिवाट आहे. दवाखान्यांत आज जी काडी वापरतात तिच्या टोंकाशीं बहुधा ७५ भाग सिल्व्हर नायट्रेट व २५ भाग पोटॅशियम नायट्रेट असतें. हें लवण उन्हांत काळें पडतें, ही गोष्ट आंजेलो साला या वैद्यानें १६१४ सालीं नोंदविली होती. पुढें छायाचित्रणाची कला याच काळेपणावर उभी राहिली. भारतांतील मतदारांनाहि त्याची ओळख आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला जी न पुसणारी शाई लावतात, तिच्यांतला प्रमुख घटक हाच. बोटावरची शाई आणि बेंबीवरचा काळिमा हीं सख्खीं भावंडें होत. दोन्हींहि कातडीचा वरचा थर झडला म्हणजेच जातात.

कोरडी असेपर्यंत ही काडी निष्क्रिय असते. ओलाव्याचा स्पर्श झाला कीं लवण विरघळतें, चांदीचे विद्युद्भारित कण मोकळे होतात आणि समोरच्या पेशींतील प्रथिनांना घट्ट धरतात. अंड्याचा पांढरा बलक तापल्या तव्यावर जसा थिजतो, तशीं हीं प्रथिनें थिजतात. बारीक रक्तवाहिन्यांचीं तोंडें बुजतात, रक्त थांबतें, आणि वर एक खपली धरते. खरी खुबी पुढेंच आहे. ही खपलीच औषधाला आड येते व तें फार खोल जाऊं शकत नाहीं. म्हणजे जाळणारें द्रव्य स्वतःच आपल्या वाटेवर भिंत घालतें. शिवाय साध्या मिठाचें पाणी ओतलें कीं चांदी व मिठांतील क्लोरीन यांचा न विरघळणारा साका बनतो आणि काम तेथेंच थांबतें. म्हणून जाणता डॉक्टर भोंवतालच्या चांगल्या कातडीला आधीं व्हॅसलीन लावतो, जागा टिपून घेतो आणि नंतरच काडी हातीं घेतो. कारण ओघळ आला तर तो जाईल तेथें जाळीत जाईल.

चुन्याची गोष्ट अगदीं उलट आहे. चामखिळीवर किंवा तिळावर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावण्याचा उपाय पुष्कळ घरांत कानोकानीं चालत आलेला आहे. चुना हा अल्कली. अल्कली प्रथिनें थिजवीत नाहीं, तर त्यांना व चरबीला विरघळवितें. तेथें खपलीची भिंत उभी राहत नाहीं आणि दाह खोल खोल उतरत जातो. संध्याकाळीं कण्हेरीच्या कळीएवढी दिसणारी जखम चार दिवसांनीं रुपयाएवढी झालेली असते, ती यामुळें.

याचा अर्थ अल्कली वैद्यकाला वर्ज्य होतें असा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत क्षारावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याच्या लगेच पुढें अग्निकर्माचा. वनस्पती जाळून तिची राख पाण्यांत कालवावयाची, तें पाणी एकवीस वेळां गाळावयाचें, मग आटवावयाचें आणि भाजलेला शंख, शिंपी व चुनखडी घालून त्याला तीक्ष्ण करावयाचें, अशी ही कृति आहे. आजचा रसायनशास्त्री ती वाचून लगेच ओळखील कीं, राखेंतील सौम्य अल्कली चुन्याच्या योगानें दाहक बनविण्याचीच ही रीत होय. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनाच्या आपल्या इतिहासांत या प्रकरणाचें मोठें कौतुक केलें आहे. क्षार लावल्यावर शंभर अक्षरें उच्चारण्यास लागणारा वेळ थांबावें, जागा काळी पडली म्हणजे दाह योग्य झाला असें समजावें, आणि नंतर आंबट द्रव्यानें तो शमवावा, असा क्रम तेथें सांगितला आहे. अल्कलीला आम्लानें उतार पडतो हें निरीक्षण त्यांत आहे. घड्याळ नसलेल्या काळांत वेळ मोजण्याची ही युक्ति तर फारच सोयीची. मात्र घरीं चुना भाजला तर आज कोणीं लिंबू पिळूं नये. दोहोंच्या संयोगांत उष्णता निघते. कोरडा चुना आधीं झटकून टाकून वाहतें पाणी पुष्कळ वेळ सोडावें, हेंच बरें. बालक, वृद्ध, दुर्बल व गर्भिणी यांना क्षार देऊं नये, हाहि निषेध त्याच अध्यायांत आहे. चुन्याची डबी घेऊन शेजारणीला उपाय सांगणाऱ्यांना तो क्वचितच ठाऊक असतो.

न्हाव्याच्या पेटींतील तुरटीला पुष्कळजण याच पंक्तींत बसवितात. तुरटी कातडी आकसविते व थोडें रक्त थांबविते; ती पेशी जाळीत नाहीं.

नाकांतून वारंवार रक्त येणाऱ्या मुलांना या काडीचा चांगला उपयोग होतो. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागीं बारीक रक्तवाहिन्यांचें एक जाळें आहे. बहुतेक रक्त तेथूनच येतें. तेथें काडी टेकविली कीं फुटलेली वाहिनी बंद होते. परंतु दोन्ही बाजूंना एकाच बैठकींत डाग देत नाहींत. मधल्या कूर्चेला रक्त दोहोंकडच्या आवरणांतून मिळतें. दोन्ही आवरणें एकदम जाळलीं तर कूर्चा उपाशी राहून पडद्याला भोंक पडण्याची भीति असते.

चामखीळ हा विषाणूचा विकार आहे. मुलांत ती एक-दोन वर्षांत पुष्कळदां आपोआप जाते, आणि तेवढा धीर धरणें हाच अनेकदां उत्तम उपाय असतो. धीर नसेल तर सॅलिसिलिक आम्लाचें औषध मिळतें. तें जाळण्यापेक्षां कातडीचे थर सैल करून हळूहळू सोलून काढतें. कुरुपावर चिकटवावयाच्या पट्ट्यांतहि बहुधा हेंच आम्ल असतें. औषधाच्या दुकानांत त्या कोणालाहि मिळतात, आणि येथेंच मोठा धोका आहे. मधुमेह जुना झाला म्हणजे पायाची जाणीव मंदावते व रक्तपुरवठाहि कमी होतो. असा माणूस पट्टी लावतो, आम्ल कुरुपापलीकडची कातडी खातें, त्याला दुखत नाहीं म्हणून तो पट्टी काढीत नाहीं, आणि आठवड्यानें पायमोजा ओला लागतो तेव्हां घरच्यांना कळतें. मधुमेह्यानें कुरुपाची पट्टी स्वतः होऊन कधींहि लावूं नये.

याहून वाईट चूक काळ्या डागाच्या बाबतींत होते. तीळ म्हणजे चामखीळ नव्हे. तो रंगद्रव्याच्या पेशींचा पुंजका असतो. त्यांतील फारच थोड्या पेशी कधींकाळीं कर्करोगाकडे वळतात. गोऱ्या लोकांत हा रोग उन्हांत भाजणाऱ्या अंगावर अधिक दिसतो. भारतीयांत तो दुर्मिळ आहे, पण झालाच तर तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं होण्याकडे त्याचा कल असतो. तळपायावरचा वाढता काळा डाग कुरूप समजून महिनोन्‌महिने जाळला जातो, तो यामुळें. डाग दिला कीं वरची काळी पेशी नाहींशी होते आणि खालची वाढ चालूच राहते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून निदान करण्याजोगा तुकडाच उरत नाहीं. जो डाग वाढतो आहे, ज्याची कड वेडीवांकडी आहे, ज्यांत दोन-तीन छटा आहेत किंवा ज्यांतून रक्त येतें, त्याला काडी, आम्ल, चुना, बिब्बा यांपैकीं कांहींच लावावयाचें नसतें. तो कापून तपासावयाचा असतो.

बेंबीच्या कोंबाकडे डॉक्टर प्रथम बारकाईनें पाहतात, त्याचें कारणहि असेंच आहे. गर्भावस्थेंत बेंबीचा मूत्राशयाशीं व आंतड्याशीं संबंध असतो. तो क्वचित् पुरता मिटत नाहीं आणि त्याचा उरलेला अंशहि लाल कोंबासारखाच दिसतो. बेंबींतून पाण्यासारखा स्राव किंवा मळ येत असेल तर आईनें तो आधींच सांगितला पाहिजे. मग काडी डबींतच राहते. साधा कोंब असेल तर एक-दोन वेळां टेकवून तो सुकतो, आणि काळी खपली आठवडाभरांत एखाद्या सकाळीं दुपट्यांत पडलेली सांपडते. दोन-तीन वेळां लावूनहि कोंब तसाच ओला राहिला, तर चौथ्यांदा काडी लावीत नाहींत. मूल शस्त्रवैद्याकडे पाठवितात.