‘क्लिअर डेटा’ दाबण्याआधी: ॲपचा माल फोनमध्ये नेमका असतो कुठे?

ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

गेल्या महिन्यात माझ्या मामाचा फोन आला. साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा शिलाईच्या जॉबवर्कचा गाळा आहे. कोणाला किती पीस दिले, कोणाची किती उचल, कोणाकडून किती येणं, हा सगळा हिशेब तो एका साध्या ॲपमध्ये ठेवायचा. लॉगिन नको, नेट नको, म्हणून त्याला ते आवडायचं. मग फोनवर ‘स्टोरेज फुल’ यायला लागलं. मामा सेटिंग्जमध्ये गेला आणि एकेका ॲपचं ‘क्लिअर डेटा’ दाबत सुटला.

“अरे, ॲप आहे, पण आत सगळं कोरं. फोनमध्येच असेल ना कुठेतरी? बघ ना जरा.”

चौदा महिन्यांचा हिशेब. आता हे ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे, तेच आज समजून घेऊ.

मामाच्या इस्टेटचंच उदाहरण घ्या. प्रत्येकाचा आपापला गाळा, आपापलं कुलूप. बाहेर सगळ्यांचा मिळून एक पॅसेज. अँड्रॉइड फोन असाच असतो. ॲप टाकलं की सिस्टीम त्याला एक स्वतंत्र ओळख क्रमांक देते आणि एक खाजगी फोल्डर देते. एका ॲपला दुसऱ्याच्या गाळ्यात डोकावता येत नाही. तुमचा फाईल मॅनेजरसुद्धा शेवटी एक ॲपच आहे, त्यामुळे तोही आत जाऊ शकत नाही. आमचा एखादा भाग तुम्ही डाऊनलोड करून मेट्रोत ऐकता, पण ती फाईल शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही. ती पॉडकास्ट ॲपच्या गाळ्यात असते.

या गाळ्यात काय काय असतं? तुमचं लॉगिन, ॲपच्या सेटिंग्ज, आणि एक किंवा अनेक डेटाबेस फाईली. बहुतेक ॲप त्यासाठी एसक्यूलाइट वापरतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली बनवलेला हा छोटासा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. मामाचा हिशेब अशाच एका फाईलमध्ये होता. शिवाय गाळ्यात एक कोपरा असतो कॅशेचा: एकदा बघितलेले फोटो, थंबनेल, पुन्हा नेटवरून आणता येईल असा माल. जागा कमी पडली तर सिस्टीम हा कोपरा स्वतःहूनही झाडते.

दुसरी जागा म्हणजे पॅसेज. कॅमेऱ्याचे फोटो जिथे जातात ते डीसीआयएम, डाऊनलोड, पिक्चर्स ही फोल्डर सगळ्यांची. ॲप काढून टाकलं तरी इथला माल राहतो. तिसरी जागा फोनमध्ये नाहीच, ती कंपनीच्या सर्व्हरवर.

खरी गंमत इथे आहे. दोन ॲप दिसायला सारखी, पण माल ठेवायची जागा वेगळी. टेलिग्रामचे साधे चॅट सर्व्हरवर असतात, त्यामुळे नव्या फोनवर लॉगिन केलं की सगळं हजर. व्हॉट्सॲपचे चॅट मात्र तुमच्या फोनमध्ये असतात. रोज रात्री २ वाजता त्याची एक प्रत फोनमध्येच निघते, आणि तुम्ही चालू केलं असेल तर गूगल अकाउंटवरही बॅकअप जातो. तो आता तुमच्या मोफत १५ जीबीमध्ये मोजला जातो, हे लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामचे ड्राफ्ट फोनमध्ये असतात. ॲप काढलं की गेले. यूपीआय ॲपमध्ये पैसे नसतातच, ते बँकेत असतात. ॲप उडालं म्हणून पैसे उडत नाहीत.

आता बटणं बघू.

‘क्लिअर कॅशे’: फक्त तो कोपरा झाडला. बिनधास्त दाबा. पहिल्यांदा ॲप थोडं हळू उघडेल, इतकंच.

‘क्लिअर डेटा’, काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’: अख्खा गाळा रिकामा. वह्या, चाव्या, सगळं. ॲप आज टाकल्यासारखं कोरं होतं.

‘अनइन्स्टॉल’: गाळा रिकामा आणि भाडेकरूही गेला. आयफोनवर ‘ऑफलोड’ असा आणखी एक पर्याय आहे. त्यात ॲप जातं, पण माल राहतो.

मामासाठी आम्ही एक शेवटचा प्रयत्न केला. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, सिस्टीम प्रत्येक ॲपचा २५ एमबीपर्यंतचा डेटा गूगल अकाउंटवर आपोआप ठेवू शकते. ॲप परत इन्स्टॉल केलं की तो परत येतो. पण ॲप बनवणाऱ्याने ही सोय बंद ठेवलेली असू शकते. शिवाय शेवटचीच प्रत टिकते, म्हणजे कोऱ्या ॲपचा बॅकअप गेला की जुना गेलाच. आम्ही ॲप काढून परत टाकलं. काही आलं नाही.

मग मामा म्हणाला, “रिपेअरिंगवाल्याकडे देऊ का? तो चिप काढून बघेल.” पूर्वी हे काही फोनमध्ये जमायचं. पण अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं व्हर्जन घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. किल्ली त्याच फोनच्या हार्डवेअरशी आणि तुमच्या पिन किंवा पॅटर्नशी बांधलेली असते. चिप काढून दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो. फॅक्टरी रीसेटमध्ये ही किल्लीच नष्ट होते, म्हणून रीसेटनंतर “डेटा काढून देतो” म्हणणाऱ्यावर पैसे घालवू नका.

याची दुसरी बाजूही आहे. डिस्प्ले फुटला, बॅटरी गेली, चार्जिंगचा पोर्ट खराब झाला, तर गाळ्याला काही झालेलं नसतं. त्यासाठी रीसेट करायची गरज नसते. दुकानात कोणी “आधी फॉरमॅट मारू” म्हणालं तर थांबा, कारण विचारा. बोर्ड बंद पडला असेल तर तोच बोर्ड चालू करून घेणं हाच डेटाचा रस्ता, कारण बोर्ड बदलला की किल्लीही गेली. आणि चालू फोन दुकानात देताना पिन सांगण्याऐवजी सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ चालू करा. फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, चॅट दिसत नाहीत.

मामाचा हिशेब शेवटी चलनांवरून, व्हॉट्सॲपच्या मेसेजवरून आणि कारागिरांच्या तोंडी आकड्यांवरून पुन्हा उभा केला. बहुतेकांनी आपली उचल स्वतःहून खरी सांगितली. दोघांच्या आकड्यावरून मात्र अजून जुळलेलं नाही. एक चुकीचं बटण, आणि माणसामाणसांत शंका उभी राहिली.

आता मामा दर शनिवारी नव्या ॲपमधून हिशेबाची फाईल काढतो आणि मला पाठवतो. म्हणजे एक प्रत गाळ्यात, एक गाळ्याबाहेर.

तुम्हीही आज एवढं करा. फोनमधलं असं एक ॲप शोधा, ज्याच्यात लॉगिन नाही पण तुमचं काहीतरी महत्त्वाचं आहे: नोट्स, व्हॉइस रेकॉर्डर, हिशेब. त्यात ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ कुठे आहे ते बघा आणि एक प्रत बाहेर काढून ठेवा. ‘स्टोरेज फुल’ आलं की आधी कॅशे, मग डाऊनलोडमधले जुने व्हिडिओ. ‘क्लिअर डेटा’ सगळ्यात शेवटी, आणि तेही आत काय आहे हे माहीत असेल तरच.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, तुमची आणि तुमच्या गाळ्याची!