विद्युत्जाल, प्लग-इन वाहन आणि ‘ग्राहक’ ही संज्ञा

विद्युत्जालातील रोहित्रे व वाहिन्या वीज वाहून नेतात. ती साठवीत नाहीत. त्यामुळे ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. हा तोल ढळला की प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता बदलते. भारतात ती सेकंदाला 50, तर अमेरिकेत 60 आवर्तने अशी राखली जाते. त्यासाठी काही निर्मितिक्षमता सदैव राखीव ठेवावी लागते.

या व्यवस्थेत मोटारीला पूर्वी स्थान नव्हते. 1997 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही हायब्रिड मोटार आपली वीज स्वतःच्या इंजिनातून आणि गती कमी होताना मिळवीत असे. प्लग-इन हायब्रिडची घटमाला मात्र बाहेरील वीजजोडणीवर भारित होते. डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेत आलेल्या शेव्हरोले व्होल्टमध्ये 16 किलोवॉट-तास क्षमतेची घटमाला होती. एका वाहनाचा हा साठा जालाच्या मानाने नगण्य होय. परंतु मोटारी दिवसाचा बहुतेक काळ उभ्याच असतात. अशा विद्युत् वाहनांचा समूह जालाला वीज पुरवू शकेल, हा विचार विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्र यांनी 1997 मधील निबंधात मांडला.

घटमालेतील प्रवाह एकदिश असल्याने दोन्ही दिशांनी चालणारा परिवर्तक येथे आवश्यक ठरतो. जालनियंत्रकाकडून काही सेकंदांच्या अंतराने संदेश येतो आणि त्यानुसार वाहन वीज घेते अथवा परत देते. 2013 मध्ये डेलावेअर विद्यापीठ व एनआरजी यांच्या प्रकल्पाने पूर्ण विद्युत् मोटारींच्या साहाय्याने ही सेवा पीजेएम या अमेरिकी जालनियंत्रक संस्थेला मोबदला घेऊन पुरविली.

येथे संज्ञेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘ग्राहक’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूपासून आला असून घेणारा एवढाच त्याचा अर्थ. देणारा त्यात सामावत नाही. अॅल्विन टॉफलर यांनी 1980 मध्ये उत्पादक व उपभोक्ता या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून ‘प्रोझ्युमर’ हा शब्द रूढ केला. पण त्यातही निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे स्पष्ट होत नाही. वारंवार वीज घेण्या-देण्याने घटमालेची झीज होते. ती मालकाच्या वाट्याला येते. पूर्ण विद्युत् वाहनाची घटमाला रिती झाली, तर मालकाचा प्रवास खोळंबतो. प्लग-इन हायब्रिडला इंजिनाचा आधार असल्याने प्रवास थांबत नाही. मात्र जालाला दिलेल्या विजेची भरपाई अखेर पेट्रोल जाळूनच होते. म्हणजे जालाचा तोल सांभाळण्याची किंमत अशा वेळी वाहनमालकाच्या इंधनखर्चात आणि रस्त्यावरील धुरात उतरते. किती साठा राखून ठेवायचा, झिजेचा मोबदला किती आणि नकार देण्याची मुभा कोणाला, या बाबी करारात शब्दबद्ध व्हाव्या लागतात. त्या करारात वाहनमालकाचा निर्देश केवळ ‘ग्राहक’ म्हणून झाला, तर त्याच्या देण्याची नोंदही त्या भाषेत होणार नाही.