जंत्रीतून निघालेली चांदी

चांदीनं किलोमागे लाखाची मजल ओलांडली, तेव्हा संपादकांनी भावावर लिहायला खामगावला धाडलं. पेढ्यांवर आकडे मिळाले. पण जीव अडकला तो एका कारागिराच्या पोलादी पट्टीत.

खामगाव मूळचं कापसाचं. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं जलंबहून इथवरचा रेल्वेफाटा खुला केला, तो कापसासाठीच. आज बुलढाणा जिल्ह्याबाहेरही त्याची ओळख रजतनगरी अशी आहे.

कारागिराची ती पोलादी पट्टी म्हणजे जंत्री. तिला मोठ्यापासून बारीकपर्यंत भोकं. तारेचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं आणि पकडीत धरून अंगाच्या जोरावर ओढायचं. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते.

एवढ्या ओढीनं तार तुटत कशी नाही? मऊ चांदीची मिलिमीटरभर जाडीची तार टांगून वजन वाढवत नेलं, तर सुरुवातीला ती जेमतेम लांबते आणि वजन काढताच पूर्ववत होते. पुढे वाढलेली लांबी कायमची राहते. मग एखादी जागा बारीक पडते, ताण तिथंच एकवटतो आणि दहा-बारा किलोंच्या आसपास तार तुटते. जंत्रीत मात्र भोक चांदीला चहूबाजूंनी आवळतं. आकार बदलतो तो भोकाच्या आतच. बाहेर आलेली तार बारीक असली तरी आतल्या चांदीपेक्षा कडक झालेली असते, म्हणून ओढ सोसते. घाईनं दोन-तीन भोकं गाळली, तर तीही सोसत नाही. ही मर्यादा कारागीर हाताला लागणाऱ्या ओढीवरून ओळखतो, आणि मला त्याच्या हाताचं फार अप्रूप वाटलं.

पण तोच कडकपणा पुढे आडवा येतो. काही भोकांनंतर तार ताणायचीच थांबते; वेटोळं करून तापवावी लागते. अंधूक उजेडात मंद लाली दिसली की पुरे. चांदी ९६२ अंशांना वितळते, आणि बारीक तार तिथवर पोचायला वेळ लागत नाही. पुन्हा ओढताना भोकाची कड झिजलेली असेल, तर ओरखडा अख्ख्या लांबीवर उमटतो.

तुटलेले तुकडे पुन्हा मुशीत जातात, मेहनत वाया जाते. कानशीचा कीस आणि वितळवतानाची घट यांचा हिशेब चांदीच्या मालकाला द्यावा लागतो. आणि आता ग्रॅमभर घटीलाही शंभराच्या वर रुपये पडतात.