क्षमता निम्मी, वीज किती?

जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूखेरीज इतर स्रोतांचा झाला. हे उद्दिष्ट २०३० चं होतं. बातमी खरी आणि कौतुकाचीच. पण त्यावरून आपली निम्मी वीज स्वच्छ झाली असं अनेकांनी गृहीत धरलं.

क्षमता म्हणजे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालला तर किती वीज देईल, तो आकडा. रात्र आणि पावसाळा धरून वर्षभराचा हिशेब मांडला, तर सौर प्रकल्प त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच त्याच्या तिपटीएवढी देतो. म्हणूनच प्रत्यक्ष विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. खरी कसोटी दिवेलागणीची. सूर्य मावळलेला असतो आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. महाराष्ट्रात अशा वेळी १,९६० मेगावॉटचा कोयना जलविद्युत प्रकल्प धावून येतो. पण त्या विजेसाठी पाणी पश्चिमेला किती वळवायचं, यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची मर्यादा आहे. तेव्हा पॅनेलपेक्षा आता साठवणुकीची चिंता मोठी.

दुसरा समज अधिक विद्वान दिसतो: देश श्रीमंत झाला की प्रदूषण आपोआप उतरतं. त्यामागे अर्थशास्त्रज्ञ ग्रॉसमन आणि क्रूगर यांचा १९९१ चा अभ्यास आहे. पण त्यांनी तपासला तो शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकण. या प्रदूषकांचा त्रास डोळ्यांना, छातीला होतो, लोक ओरडतात, सरकार हलतं. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. भारताने २००५ ते २०२० दरम्यान जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटवलं, तरी एकूण उत्सर्जन वाढलंच. अर्थव्यवस्था त्याहून वेगाने फुगली. दरडोई मात्र आपण जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही खाली आहोत, हे सांगायला हवं.

तिसरा समज, व्यापाराने प्रदूषणच वाढतं, हे अर्धसत्य. युरोपला जाणाऱ्या पोलादाचा धूर आपल्या खात्यावर पडतो, हे खरं. पण सौर वीज स्वस्त झाली त्यात चिनी पॅनेलचा मोठा हात आहे. देशी कारखाने जगावेत म्हणून एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के आयात शुल्क लावावं लागलं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटच्या आयातीवर कार्बनचा आकार लागू केला आहे. त्याने भट्ट्या सुधारतील? पळवाट सोपी आहे: कमी कार्बनचं पोलाद युरोपला धाडायचं आणि कोळशावरचं इतरत्र विकायचं.